फोटोवरून टॅबवर चित्र काढलं तर ती कॉपी का? आणि ते फिल्टर मारल्यासारखंच का दिसतं?

गंगेवरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी नाशिकलाच बीकॉम सेकंड इयरला आहे. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली, तेवढंच. लॉकडाऊनपासून मोबाईलवर फोटो काढायचा नाद लागला, मग मामाचा जुना टॅब मिळाला त्यावर पेनने चित्रं काढायला लागलो, आणि गेल्या वर्षभरात मॉडर्न पेंटिंगचं वेड, म्हणजे गायतोंडे, रझा वगैरे बघतो आणि अ‍ॅक्रिलिक घेऊन घरी काहीतरी करतो. बाबांचं एकच, तीन दगडांवर पाय ठेवू नको, एक काहीतरी धर.

तर झालं असं की गंगेवर (म्हणजे गोदावरीवर, आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो) सकाळी साडेसातला नारोशंकराच्या मंदिराचा फोटो काढला, तो खालच्या लेयरला ठेवून वरून लाइन काढली, आयड्रॉपरने फोटोतलेच रंग उचलून भरले आणि कॉलेजच्या प्रदर्शनात लावलं. एक सर बघून म्हणाले "यात तुझं काय आहे, गिरवलंस फक्त". वाईट वाटलं पण घरी येऊन फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं तर खरंच सांगतो, चित्र म्हणजे फोटोला कार्टून फिल्टर मारलाय असंच दिसत होतं. फोटो माझा, मेहनत माझी, 11 तास घालवलेत, मग ही कॉपी का? आणि कॉपी नसेल तर असं मेलेलं का दिसतंय?

(गायतोंडे बघून केलेल्या कॅनव्हासबद्दल आईने विचारलं, भिंतीला ओल आली का रे. तो विषय वेगळा.)

लग्नसराई_फोटोवाला

भावा कॉपी वगैरे सोड, स्वतःच्या फोटोवरून काढलं तर कोणाच्या बापाची कॉपी. पण तुझा दुसरा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तुझ्या फोनमध्ये आहे. आजकालचा फोन एक फोटो काढतच नाही, बटण दाबलं की पटापट पाच-सात फ्रेम घेतो आणि त्या एकात एक मिसळतो, सावली उजळवतो, आभाळ दाबतो, कडा टोकदार करतो. सकाळी साडेसातला नारोशंकरावर जी मजा असते ती म्हणजे एक बाजू उन्हात आणि दुसरी जवळजवळ काळी, ती फोनने आधीच पुसून टाकली. मग तू त्यातून रंग उचललेस, म्हणजे फोनने ठरवलेले रंग. तुझ्या वाट्याला ठरवायला उरलंच काय.

दुसरं म्हणजे आपली ही मंदिरं काळ्या पाषाणातली. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मधल्या करड्या रंगाचं, म्हणजे साधारण 18 टक्के ग्रे आहे असं धरून चालतो. काळा दगड फ्रेमभर दिला की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि काळ्या दगडाचा सिमेंटसारखा करडा होतो. प्रो मोडमध्ये जा, एक्स्पोजर उणे एक कर, रॉ फाइल, म्हणजे फोनने हात न लावलेला फोटो, मिळत असेल तर तीच घे. उलटं पण लक्षात ठेव, घाटावर पांढरी धोतरं वाळत असली तर अधिक एक करावं लागतं नाहीतर ती मळकट येतात.

अजून एक, तू पायथ्याशी उभा राहून फोन वर केला असणार, म्हणून शिखर मागे पडल्यासारखं दिसतंय. लांब जा, समोरच्या काठावरून 2 एक्स किंवा 3 एक्सने काढ, शिखर सरळ उभं राहील.

जुना_कलाकार_५२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टॅबवर काढलेलं हे चित्र नव्हेच. कागद नाही, पाणी नाही, चुकलं की मागे जा. आधी हात बसवा.

ओला_वॉश

जुने कलाकार, इंग्लंडच्या डेव्हिड हॉकनीसारखा आयुष्यभर कॅनव्हासवर पेंटिंग केलेला माणूस 2009 ला आयफोनवर आणि पुढच्या वर्षी आयपॅडवर चित्रं काढायला लागला, त्याआधी 1982 पासून पोलरॉइडचे ढीगभर फोटो चिकटवून त्याने चित्रं केली होती. त्यालाही सांगणार का हात बसवा म्हणून 😄 पण तुमचं अर्धं बरोबर आहे, ते अनडूचं.

बाळा, मी दर रविवारी गंगेवर जलरंग घेऊन बसते, वीसेक वर्षं झाली. आमच्याकडे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एकदा पडला की पडला, म्हणून ब्रश टेकवायच्या आधीच ठरवावं लागतं की काय टाकायचं आणि काय सोडायचं. विजेच्या तारा सोडते, फुलांच्या टोपल्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या मात्र सोडत नाही, कारण अख्ख्या काळ्या-करड्या चित्रात तो एकच निळा कामाला येतो. तुझ्या फोटोत सगळंच आहे आणि तू सगळंच काढलंस.

असं कर. फोटो काढ, पण तो टॅबवर उघडू नको. तिथेच बसून पेन्सिलने तळहाताएवढं स्केच कर, फक्त तीन टोन, काळा, मधला, कोरा कागद. घरी जाऊन त्या स्केचवरून टॅबवर काढ आणि आयड्रॉपर आठवडाभर बंद. दगडाचा रंग आठवून मिसळायचा. चुकेल, चुकू दे. आणि जागा बदलू नको. फ्रेंच चित्रकार मोनेने रुआँच्या एकाच चर्चची 1892 ते 94 मध्ये तीसच्यावर चित्रं केली, वेगवेगळ्या वेळच्या उजेडात. आपल्याकडे तर सकाळ-दुपार-संध्याकाळ सोडून पावसाळा वेगळाच, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की नदीचा रंग पार चहाचा होतो.

डीटीपीवाला

मूळ प्रश्न सोडून बोलतोय, प्रदर्शनात प्रिंट लावली होती ना म्हणून. तुझी फाइल कितीची होती? आमच्याकडे पोरं टॅबच्या स्क्रीनच्या साइजचं चित्र घेऊन येतात आणि ए3 मागतात. ए3 ला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात, हा कॅनव्हास सुरुवातीलाच धर, नंतर ताणला की फाटतो. आणि स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाची, छपाई सीएमवायके, म्हणजे चार शायांची, त्यामुळे ते जे झगझगीत जांभळं-निळं आभाळ तुम्ही लोक काढता ना ते शाईत येतच नाही, मग भांडण आमच्याशी. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सीएमवायके बघता येतं. आधी पोस्टकार्डाएवढी टेस्ट काढून घे, मग मोठी.

गंगेवरचा_पोरगा

डीटीपी दादा, फाइल 1200 बाय काहीतरी होती 🙈 आता कळलं कडा तशा का आल्या. ओला वॉश ताई, आयड्रॉपर बंद केला तर मला रंगच मिसळता येत नाहीत हे आत्ता कळलं, कालपासून काळा दगड करतोय आणि तो एकतर कोळसा होतो नाहीतर वांगं.

ओला_वॉश

वांगं जास्त बरोबर आहे. निळा आणि तांबूस तपकिरी मिसळ, काळा ट्यूबमधला वापरूच नको.

कोरी_भिंत

आईच्या ओलीबद्दल कोणी बोललंच नाही, मला तर तोच मुद्दा महत्त्वाचा वाटला. गायतोंडे 1948 ला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले तेव्हा ते असं काही काढत नव्हते, आधी माणसं, आकृत्या होत्या, मग पॉल क्ली या स्विस चित्रकाराचा प्रभाव, आणि एकेक गोष्ट गळत गळत 1950 च्या दशकाच्या शेवटी ओळखीचं असं काही उरलं नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा, वर्षाला मोजकेच कॅनव्हास. 2014 ला न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा जगाने बघितलं. तू थेट शेवटच्या पानापासून सुरुवात केलीस, म्हणून ओल.

तुझ्या गंगेच्या फोटोंपैकी एक असा निवड ज्यात मंदिर नाहीच, फक्त पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. तो उलटा करून समोर ठेव आणि त्यातले तीन-चार आकार तेवढे कॅनव्हासवर घे. मग तुझं तुलाच कळेल काय गाळायचं. बाबांचे तीन दगड म्हणशील तर मला ते तीन दिसतच नाहीत. आपल्या त्र्यंबकचे फाळके 1885 ला जेजेत गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात पेंटिंग आणि फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, छपाईत पडले, आणि 1913 ला सिनेमा. बाबांना एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात फिरवून आण 😄

जुना_कलाकार_५२

फाळक्यांना अनडू नव्हतं.

गंगेवरचा_पोरगा

अपडेट देतो. रविवारी सहालाच गेलो, तीन टोनची सात स्केचं केली, त्यातली पाच फेकण्यासारखी. एकावरून टॅबवर काढलं, फोटो न उघडता, अनडू पण वापरलं नाही (दोनदा वापरलं). शिखर वाकडं झालंय, पायऱ्यांची संख्या चुकलीये, दगड वांग्याकडे झुकलाय. पण सावलीची बाजू खरंच काळी आहे आणि ताडपत्री निळी ठेवलीये. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले इथे एक फुलवाली बसते ती कुठे गेली.

आता तिला टाकायचं का? बुधवारी घाटावर बाजार असतो तेव्हा जाऊन बघतो, पण एवढ्या गर्दीत तीन टोन कसे काढायचे ते कोणीतरी सांगा.