फीका काही फिकी नसते : स्वीडिश शिकतानाचे अनुभव

(धागाकर्ती, स्टॉकहोम)
नगरपालिकेचा फुकट स्वीडिश वर्ग, म्हणजे एसएफआय, सहा महिने नेमाने केला. परीक्षेत पास झाले आणि ऑफिसात कॉफीच्या टेबलावर मुकीच राहिले. 'फीका' म्हणजे कॉफी, सोबत दालचिनीचा नाहीतर वेलदोड्याचा गोड पाव, आणि गप्पा. 'काफ्फी' या जुन्या शब्दाची उलटापालट होऊन तो झाला म्हणे. कॉफी मात्र अशी कडक की फिकी म्हणायची सोय नाही. एकदा शेजारच्या बाईंनी थर्मास पुढे करून विचारलं, "पोतोर?" मला वाटलं आडनाव विचारतायत, सांगून टाकलं. पोतोर म्हणजे दुसऱ्यांदा भरलेला कप! तिसऱ्यालाही शब्द आहे, त्रेतोर. तुम्हाला असे शब्द कुठे, काय खाताना सापडले ते लिहा.

(गोथेनबर्ग, मूळचा चिंचवडचा)
वीस वर्षं माझी बस एसकेएफच्या फाटकावरून जायची. इथं आल्यावर उलगडा झाला : 'स्वेन्स्का कूलागेरफाब्रीकेन', स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना. कंपनी १९०७ची, गाव हेच. 'कूला' म्हणजे गोळी, 'लागेर' बेअरिंग, 'फाब्रीक' कारखाना, आणि शेपटाचा 'एन' लागला की 'तो ठरावीक कारखाना'. शब्दाच्या मागे प्रत्यय चिकटवायची सवय आपल्याला आहेच : घर, घरात, घरातला. त्या एका पाटीने मला लांबलचक शब्द तोडून वाचायला शिकवलं. बायको गोव्याची, तिला अजून त्यात सुपारीचं कुळागर ऐकू येतं. 'कूला'वर आमच्या घरात काय हशा पिकला ते मात्र विचारू नका.

(उमेओ)
माझं खाण्याचं नाही, पण सांगतेच. इकडे उत्तरेत पुष्कळ जण 'हो' बोलत नाहीत, श्वास आत ओढतात. 'श्युप्'. पहिल्यांदा एका नर्सने तसं केलं तेव्हा वाटलं, रिपोर्टात असं काय दिसलं हिला! आता आईशी फोनवर बोलताना माझ्याकडूनही होतं. ती विचारते, "दम लागतोय का गं?"

(लुंड)
मला नात्यांनी तारलं. मिडसमर या जूनमधल्या सणाच्या शुक्रवारी शेजाऱ्यांच्या अंगणात नवे बटाटे, शेपूसारखी दिसणारी डिल, मुरवलेला हेरिंग मासा आणि स्ट्रॉबेरी. पंधरा-वीस माणसं, सगळी नातलग. यजमानीण ओळख करून देत होती : मूस्तेर, फास्तेर, मूरब्रूर, फारब्रूर. मी मनात म्हणत गेले : मावशी, आत्या, मामा, काका. अंकल-आंटीच्या गोणीत सगळ्यांना कोंबायची गरजच नाही! एका बाबतीत ते आपल्या पुढे आहेत. आईची आई मूरमूर, वडिलांची आई फारमूर. आपल्याकडे दोघीही आजी, मग 'नाशिकची आजी', 'कोल्हापूरची आजी' करत बसायचं. जेवण होईतो बारा शब्द पाठ झाले. मग सगळे फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारायला लागले, तिथे भाषा लागत नाही. हेरिंगबद्दल काही बोलत नाही, मी शाकाहारी.

(लुंडकरांना)
'परवा'ला पण आपण हरतो. त्यांच्याकडे काल सोडून आदल्या दिवसाला वेगळा शब्द, उद्या सोडून पुढच्याला वेगळा. आपला परवा दोन्हीकडे पळतो.

(उप्साला)
२५ मार्चला ऑफिसात वाफल. का? म्हणे वाफल-दिवस, 'वोफेलदागेन'. खरा सण मेरीचा, 'वोरफ्रूदागेन'. बोलताबोलता तो वोफेल झाला आणि देशाने तव्यावर पीठ ओतलं. चुकीच्या उच्चाराचा सण करणाऱ्या लोकांसमोर आपल्या उच्चारांची लाज कशाला?

(वेस्तेरोस)
इथे सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे तू. पूर्वी हुद्दे, पदव्या लावत. १९६७ साली आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी कर्मचाऱ्यांना सांगून टाकलं की मी सगळ्यांना 'दू' म्हणणार. लाट आधीच उठली होती, रेक्सेड यांचं नाव तिला चिकटलं. माझी लेक मुख्याध्यापिकांना नावाने हाक मारते. सासरे साताऱ्याहून आले, त्यांना हे काही केल्या पटेना. म्हणाले, मी तरी अहो-जाहोच करणार, आणि शेजाऱ्यांना 'नी' म्हणाले. 'नी' म्हणजे तुम्ही, पण इथे ते सहसा अनेकांना. शेजारी मागे वळून बघायला लागले, आणखी कोण आलंय म्हणून.

(मालमो)
नाताळात तांदळाची खीर करतात, वर दालचिनी, आत एकच बदाम. ज्याला मिळेल त्याचं वर्षभरात लग्न, अशी समजूत. पहिल्याच वर्षी बदाम माझ्या तोंडात. टेबलावर आरडाओरडा, आणि यजमान हसत विचारतात, "एर दू यिफ्त?" 'यिफ्त' हा शब्द मी तोवर एकाच ठिकाणी पाहिला होता, कवटीचं चित्र असलेल्या डब्यावर : विष. कडू बदाम विषारी असतो हेही ऐकून होते. मी तो सगळ्यांसमोर बशीत थुंकला. नवऱ्याने वाकून कानात सांगितलं, "अगं, लग्न झालंय का विचारतायत."