सिंथेटिक बायोलॉजीच्या (जीन जुळवून सजीवांकडून नवं काम करून घ्यायचं शास्त्र) कॉन्फरन्सला पोस्टर पाठवू का?

लातूरहून विचारायलोय. एमएस्सी बायोटेकला आहे, सर म्हणायलेत बाहेरदेशी ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) पाठव, पण आमचं काम म्हणजे ई. कोलाय या बॅक्टेरियामधी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन टाकून ते हिरवं चमकतंय एवढंच, घेतील का?

परभणीकर: पाठव की! ही फिल्डच नवी हाय, एसबी १.० ही पहिली कॉन्फरन्स २००४ ला एमआयटीत झाली. नुसतं चमकतंय म्हणू नको, प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) बदलल्यावर चमक किती वाढली त्याचा ग्राफ टाक अन् कंट्रोल दाखव, जीन नसलेले बॅक्टेरिया शेजारी पाहिजेतच.

नांदेडहून: टीम जमली तर आयजेम ही सिंथेटिक बायोलॉजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पण बघ, स्टुडंटसाठीच असतंय, २०२२ पासून फायनल पॅरिसला होतीय. अन् पासपोर्टचा अर्ज आजच टाक, ग्रँटच्या तारखा लई आधी संपतात.