मदत हवी आहे: बहिणीला पोलीसमध्ये जायचंय, लॉ एन्फोर्समेंटच्या डिग्रीला पैसे घालू का?

दूधकेंद्र_माळशिरस

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. मी माळशिरस तालुक्यात गावात दूध संकलन केंद्र चालवतो. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली, 61 टक्के, आणि तिला वर्दी सोडून दुसरं काही नकोच, सातवीत असल्यापासून तेच एक बोलणं.

पहाटे पाचला मी केंद्र उघडतो तेव्हा ती कॅनॉलच्या कडेनं पळून येत असते. 800 मीटर आता 3 मिनिटं 5 सेकंदात मारते. गोळाफेकीला गोळा नव्हता म्हणून ओढ्यातला एक गोल दगड आणला, आमच्या काट्यावर 4 किलो 300 भरला, मग छिन्नीनं कड फोडत फोडत बरोबर 4 वर आणला, मुलींचा गोळा तेवढाच असतो म्हणून. अंगणात तिनं चुन्याची रेघ मारलीय, रोज फेकून झालं की पावलं मोजते.

आता मुद्दा. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका कॉलेजचा माणूस तालुक्याला आलेला. तीन वर्षांची बीए, लॉ एन्फोर्समेंट आणि पब्लिक सेफ्टी, वर्षाला 1 लाख 20 हजार, होस्टेल वेगळं. म्हणाला ही डिग्री असली की पीएसआयला म्हणजे फौजदार भरतीला प्राधान्य मिळतं आणि ग्राउंडला म्हणजे मैदानी चाचणीला सूट. सीटा भरत आल्यात, 10 हजार भरून ठेवा, असं म्हणाला आणि मी भरले. पावतीवर पैसे परत मिळणार नाहीत असं बारीक अक्षरात छापलंय ते घरी आल्यावर वाचलं. चूक माझीच, पण आता पुढचे पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं. वडील नाहीत, घरातला निर्णय मलाच घ्यावा लागतो आणि तिची तीन वर्षं माझ्यामुळं वाया जायला नकोत.

ही डिग्री खरंच लागते का? का साधी बीए करून भरतीची तयारी करावी? उंची 156 आहे, शिपाई भरतीला 155 लागते, त्यामुळं ती बाजू निर्धास्त आहे. खात्यातलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

अंमलदार_ताई

दादा, मी खात्यात आहे, नऊ वर्षं झाली. आधी पुढचा हप्ता थांबवा.

शिपाई भरतीला बारावी पास लागते. ग्राउंड 50 मार्कांचं, मुलींना 800 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. ग्राउंडमध्ये निम्मे पडले पाहिजेत, वर मेरिटमध्ये आलं तर लेखी, 100 मार्क, 90 मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. कुठल्या डिग्रीची सूट यात कुठंच नाही. पीएसआय एमपीएससीतून, त्यालाही कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्राधान्य वगैरे काही नसतं.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही असं वाटतं. पीएसआयला मुलींची उंची 157 लागते, अनवाणी. 156 असेल तर ही डिग्री काय, कुठलीच डिग्री तिथं कामाला येणार नाही. डीवायएसपीलाही 157. आयपीएसला 150 चालते, पण ती यूपीएससी, तो वेगळा डोंगर आहे. म्हणून आधी नीट मोजा, मग कॉलेजचं बघा. माझ्या बॅचची एक मैत्रीण चार वर्षं पीएसआयचा अभ्यास करून उंचीवर बाद झाली, तिला कुणी आधी टेप लावलीच नव्हती, अजून बोलताना डोळ्यात पाणी येतं तिच्या.

मी स्वतः शिपाई झाल्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, बंदोबस्ताला पुस्तक पिशवीत असायचं. ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते आणि फी त्या 1 लाख 20 हजाराच्या जवळपासही नाही.

आणि तरी त्याच कॉलेजला जायचं ठरलंच तर सिलॅबस मागून घ्या. 1 जुलै 2024 पासून भादंवि म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं 302 आता 103 झालंय. कोर्समध्ये अजून जुनीच कलमं घोकून घेत असतील तर तिथून निघा. विद्यापीठ यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का तेही बघा.

सूक्ष्मदर्शी

ताईंशी सहमत. फक्त एक रस्ता राहिला, मुलगी सायन्सची आहे ना? बीएस्सी फॉरेन्सिकचा, म्हणजे गुन्ह्यातले पुरावे लॅबमध्ये तपासायच्या शास्त्राचा, विचार करा. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या 176 कलमात, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी जायचं असं आलंय, त्यामुळं या कामाला माणसं लागणार. लॅबच्या कामाला उंचीचा प्रश्न नाही. पण तिला स्पष्ट सांगा, तिथं वर्दी नसते. वर्दीसाठी जीव टाकणारीला ते चालेल का हे तिनंच ठरवावं, तुम्ही नाही.

दूधकेंद्र_माळशिरस

ताई, सूक्ष्मदर्शी, दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी दूध यायच्या आधी तिला केंद्राच्या भिंतीला अनवाणी उभं केलं, डोक्यावर फुटपट्टी आडवी धरून पेन्सिलनं खूण केली आणि टेपनं तीनदा मोजलं. 156 आणि वर दोन सूत. तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणाली म्हणजे शिपाईच ना, मग शिपाई. थोडा वेळ गप्प बसली आणि परत दगड घेऊन अंगणात गेली.

रात्री आम्ही दोघं बसलो. ती म्हणते यंदाच्या भरतीचा फॉर्म भरायचाच, 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदात आणायचं म्हणजे पूर्ण 20 मिळतात. सोबत मुक्त विद्यापीठात नाव घालायचं. फॉरेन्सिकचं ऐकून मात्र तिचे डोळे चमकले, रक्ताच्या डागावरून काय काय कळतं हे विचारत होती, त्यामुळं तोही दरवाजा बंद केलेला नाही. 10 हजार गेले ते गेले.

आता एकच विचारायचंय, संभाजीनगरच्या शासकीय संस्थेत इथं कुणी शिकतंय का? मुलींच्या होस्टेलची सोय कशी आहे आणि सोलापूर जिल्ह्यातल्या पोरींना ते मिळतं का, एवढं सांगितलं तर अर्ज करायच्या आधी एकदा तिला घेऊन बघून येईन.