मदत हवी आहे: ग्लिमेपिराइडसोबत बेडकी-कारल्याचं चूर्ण, साखर फार खाली जातेय

नमस्कार मंडळी,

आम्ही परभणी जिल्ह्यातले, गंगाखेडकडचे. वडिलांना, म्हणजे अण्णांना, बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. वय सत्तरीच्या पुढे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू आहे. उन्हाळ्यात आठवडी बाजारातून एक चूर्ण आणलं, ते रोज दोन वेळा घेतात. बेडकीचा पाला (गुडमार), जांभळाच्या बिया, वाळलेलं कारलं आणि मेथी, एवढंच त्यात आहे असं विकणारा सांगतो.

परवाच्या एकादशीला पोटात नुसता चहा आणि शेतात काम. दरदरून घाम, हातपाय लटलट, बोलणं भलतंच. ग्लुकोमीटरवर ५८. साखरपाणी पाजलं, मग खाऊ घातलं, तेव्हा सावरले. त्यानंतरही दुपारचा आकडा कधीकधी ७० च्या खाली येतोय. डॉक्टरांनी फोनवर चूर्ण बंद करायला सांगितलं आणि सोमवारी बोलावलंय. अण्णांनी उलटंच धरलंय: "चूर्णाला गुण आलाय, आता गोळीच सोडतो. गोळीनं किडनी जाती, झाडपाल्यानं काय होतंय?"

मला झाडपाल्याला नावं ठेवायची नाहीत. मेथीतल्या तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, कारल्यात साखर उतरवणारे घटक सापडलेत. पण म्हणूनच भीती वाटते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, पोटात अन्न असो वा नसो. त्यावर हे चूर्ण, त्यावर उपवास! आणि मेटफॉर्मिनचं मूळही झाडातच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या गॅलेजीनने साखर उतरायची, पण ते विषारी निघालं. त्याच जातीचं, पण सोसेल असं औषध म्हणून मेटफॉर्मिन पुढे आलं, १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. गोळीत औषध किती ते मोजलेलं असतं, चमचाभर चूर्णात कोण मोजणार?

दुसरी शंका जास्त छळतेय. अशा पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याची प्रकरणं याआधी उघडकीला आली आहेत. गुण इतक्या झटपट आला म्हणून हे मनात येतं. उरलेली पुडी जपून ठेवली आहे. संभाजीनगर किंवा नांदेडला खाजगी माणसाकडून असा नमुना तपासून घेतात का? कुणी दिला असेल तर कुठे, खर्च किती, हे कृपया सांगा.

सोमवारी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर करून घेणार आहे. या वयात ग्लिमेपिराइड बदलून साखर इतकी न पाडणारी दुसरी गोळी मिळू शकते का, हे डॉक्टरांना विचारायचं ठरवलंय. आणखी काय विचारावं?

आणि ज्यांच्या घरात असं म्हातारं माणूस आहे त्यांनी सांगा, त्यांना कसं समजावलंत? माझं ऐकत नाहीत, पण त्यांच्या वयाचं कुणी बोललं तर ऐकतील. तोवर गोळी आणि चूर्ण दोन्हींच्या वेळा मी वहीत लिहून ठेवतोय, आणि एकादशीला भगर तरी खाच म्हणून आई मागे लागली आहे.