विरून जात नाही

‘समुद्र एवढा अथांग, सांडपाणी त्यात कुठल्या कुठे विरून जातं’ हे मत मला अजिबात पटत नाही. विरायच्या आधी ते किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांतून जातं. शिंपला पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर अन्नकण अडकवतो आणि पाणी बाहेर सोडतो. त्या कणांबरोबर मैल्यातले विषाणूही आत साठत राहतात. १९८८ मध्ये शांघायला अशाच दूषित शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे यकृताला सूज येऊन होणारी कावीळ) झाला. तीन लाख! शिंपले जेमतेम उकडलेले होते. तेवढ्या आचेने हा विषाणू मरत नाही. आणि असा शिंपला दिसायला, वासाला अगदी ताजाच असतो. मैल्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात, ते आणखी वेगळंच.