खेळणारे तेरा, खुर्च्या आठ. पोकरची रात्र कशी जमवू?

लोकमान्यनगर_इंदूर: येत्या शनिवारी आमच्याकडे होल्डेम पोकर आहे. एरवी आठजण असतो, यावेळी दीर-जाऊ आणि भाच्याचे मित्र धरून तेरा झालेत. डायनिंग टेबलाच्या सहा खुर्च्या आणि दोन घडीच्या, एवढंच आहे घरात. पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स.

गेल्या खेपेला दहाजण होतो. दोघांना "तुम्ही जागा झाली की या" म्हणून दिवाणावर बसवलं. पहिला गडी बाद व्हायलाच पाऊण तास गेला. माझी मावसबहीण तोवर शेंगांची टरफलं वाटीत रचत बसली होती. साडेनऊला "सकाळी लवकर उठायचंय" म्हणत उठली. एक पानसुद्धा हाती आलं नाही तिच्या. मला ते फार लागलं. शनिवारी ती पुन्हा येतेय. तेराही जणांना टेबलाभोवतीच दाटीवाटीने बसवू का?

सुदामानगरकर: नको ताई. एका कॅटमध्ये पानं पुरतात तशी 22 जणांना: प्रत्येकी दोन, सगळ्यांची मिळून मधली पाच, आणि जाळायची, म्हणजे न दाखवता बाजूला टाकायची तीन. पण नऊ-दहाच्या वर गेलात की आपली पाळी येईपर्यंत माणूस पेंगतो.

दोन कॅट घ्या आणि सात-सहा असे दोन डाव मांडा. सहाजण खाली सतरंजीवर. वर जाड चादर नक्की घाला. गुळगुळीत फरशीवरचं पान नखाने उचकटावं लागतं आणि तेवढ्यात शेजाऱ्याला दिसतं. जागा चिठ्ठ्यांनी नको, बदामची तेरा पानं पालथी ठेवा. एक्का ते सत्ती टेबलावर, अठ्ठी ते राजा सतरंजीवर. गुडघे दुखत असतील त्यांना मात्र न विचारता खुर्ची द्या. दोन्हीकडच्या माणसांत एकापेक्षा जास्त फरक पडला की एकाला इकडून तिकडे हलवायचं. आठ उरले की सगळे टेबलावर.

बारा_वाजता_सराफा: वेळेचंही बघा. प्रत्येकी 2000 द्या: पंचवीसच्या आठ, शंभरच्या आठ, पाचशेच्या दोन. 13 जणांना 234 चिप्स लागतात, 300 च्या डब्यात सुट्ट्या पुरतात का ते आधी मोजून घ्या. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी लावायच्याच चिप्स) 25-50 पासून, दर वीस मिनिटांनी वाढवा. ब्लाइंड वाढवले नाहीत तर पहाट होते, हे आमच्याकडे दोनदा झालंय. आठला बसलात तर सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गरमागरम गराडू (तळलेला कंद) खायला वेळेत पोचाल.

रामबागची_माहेरवाशीण: बाद झालेल्यांचं काय? आठ उरतात तेव्हा पाचजण मोकळे असतात. चौघांचा मेंढीकोट सतरंजीवर लावून द्या, पाचवा टेबलावर पत्ते वाटेल. आमच्या आत्या तर मेंढीकोटासाठी मुद्दाम लवकर बाद होतात.

लोकमान्यनगर_इंदूर: मेंढीकोट! बहिणीचा जीव आहे त्यात. आत्ताच फोन केला तिला. बदामचं पहिलं पान तीच उचलणार, आणि दुसरा कॅट ती घरून आणतेय.