हात अधू, म्हणून रिव्हॉल्व्हरच?

ह्यूस्टनची काकू:
काल डॅलसवाल्यांनी इथे लिहिलं, "बायकांना आणि म्हाताऱ्यांना डोळे झाकून छोटं रिव्हॉल्व्हर द्यावं, पिस्तुलासारखी स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे खेचायचा वरचा भाग, ओढायची कटकट नाही." गप्प बसणार होते. पण पोळ्या लाटताना आठवलं आणि लाटणं आपटलंच.

मी चौसष्टची. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात. लोणच्याची बरणी शेजारणीकडून उघडून आणते. मलाही दुकानदाराने हेच गळ्यात मारलं. म्हणजे मला नाही, ह्यांना. तो सगळा वेळ ह्यांच्याशीच बोलत होता. स्मिथ अँड वेसन ६४२, पाच गोळ्या, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर, तो एका बोटाने आणि दर गोळीला! पिस्तुलाची स्लाइड सुरुवातीला एकदाच ओढायची असते हो. वर जितकं हलकं तितका धक्का जास्त. रेंजवर, नेमबाजीच्या सरावाला गेले, तर सहाव्या गोळीनंतर थांबले. त्या संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

शेवटी त्याच कंपनीचं शील्ड ईझी पिस्तूल घेतलं, .३८० मापाच्या गोळीचं. सव्वापाचशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, स्लाइड मऊ. स्वतः ओढते.

डॅलसवाला:
काकू, एका अनुभवावरून कायदा करू नका. मनगट ढिलं पडलं की पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरची गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढा, पुढची येते. ईझीला मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे, ती दाबून धरल्याशिवाय गोळी सुटत नाही. रात्री आखडलेल्या हाताने ती नीट दाबली गेली नाही तर? शिवाय २०२० मध्ये बनलेल्या ईझींचे हॅमर, म्हणजे गोळी उडवणारे घोडे, तपासायला कंपनीने परत बोलावले होते, ते सोयीस्कर विसरलात. माझ्या सासूबाई चार वर्षं रिव्हॉल्व्हर वापरताहेत, तक्रार नाही.

ह्यूस्टनची काकू:
सासूबाई जावयाकडे तक्रार करतील?

रेंजवरचा मास्तर:
दोघंही जरा थांबा. "छोटं म्हणजे सोपं" हा गैरसमज दोन्हीकडे आहे. वॉल्थर पीपीकेसारख्या ब्लोबॅक पिस्तुलात स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा दाब पेलायचा असतो, म्हणून स्प्रिंग कडक. कित्येकदा मोठं नऊ एमएमचं पिस्तूल ओढायला सोपं जातं. आणि नव्वद टक्के लोक स्लाइड चिमटीत धरून मागे खेचतात. तसं नको. डाव्या हाताचा पूर्ण पंजा वरून घाला, पिस्तूल पोटाजवळ आणा, नळी समोरच, आणि उजव्या हाताने पुढे ढकला. हॅमर बाहेर असेल तर आधी तो मागे घ्या, जोर कमी लागतो.

तेही जमत नसेल तर बेरेटाचं टॉमकॅट, .३२. खटका दाबला की नळीच वर उघडते, गोळी थेट आत. पण एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, नाही; रिकामं काडतूस आत राहिलं तर नखाने काढत बसा. .२२ चा धक्का नाहीच, पण त्या गोळ्या फुसक्या निघण्याचं प्रमाण जास्त.

द्राक्षबागायतदार:
तुमचे लाड बघून हसू येतं. आमच्याकडे २०१४ ला कानपूरच्या कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. .३२, टायटॅनियम, अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात! हलकं करून दिलं की बाईला जमलं, हीच अक्कल तिकडेही आणि इकडेही. परवान्यासाठी मी किती चकरा मारल्या ते विचारू नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत माणशी तीनाची दोन हत्यारं झाली, आजोबांची बारा बोअर गेली. आणि निवडणूक लागली की चला, ठाण्यात जमा करा. बिबट्या आचारसंहिता वाचतो का?

जर्सीचा शहाणा:
बिबट्यावर .३२ झाडणार? धन्य. मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही: घरात हवंच कशाला? नातवंडं येतात ना?

द्राक्षबागायतदार:
बिबट्यावर नाही, हवेत. तो आवाजाने पळतो. तुम्ही कधी रात्री दोनला मोटार चालू करायला मळ्यात गेलात? वीज रात्रीच येते आमच्याकडे. तुमच्या बेसमेंटात बसून धन्य म्हणणं सोपं आहे.

डॅलसवाला:
जर्सीकर स्वतः एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. शिकारीचं लायसन्स वगैरे सवलत असल्याशिवाय त्यांना हत्यार विकतच मिळत नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. बागायतदार, तुमचीच.

जर्सीचा शहाणा:
व्हिसा काढायची गरज नव्हती. नातवंडांचं उत्तर अजून आलेलं नाही.

ह्यूस्टनची काकू:
प्रश्न बरोबर आहे, सूर चुकीचा. लोखंडी डबी आहे, पलंगाला तारेने बांधलेली. तिच्या किल्लीनेच माझा अंगठा जास्त दुखायचा, आता आकड्यांची बटणवाली आणली. नातवंडं आली की रिकामं करून, गोळ्या वेगळ्या कपाटात.

मास्तर, ते पुढे ढकलायचं आज करून पाहिलं. रिकामं होतं, दोनदा बघितलं. चिमटीच्या निम्माही जोर लागत नाही. तीन वर्षं मला हे एकाही पुरुषाने सांगितलं नव्हतं.

डॅलसवाला:
मास्तरही पुरुषच आहे. असो. सासूबाईंना काल सहज विचारलं. त्या म्हणे गेली दोन वर्षं रेंजवर नुसत्या बसून येतात, बोट दुखतं म्हणून. आता मला सांगतात! शनिवारी भाड्याने ईझी देऊन बघतो. ग्रिप सेफ्टीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

ह्यूस्टनची काकू:
सोडू नका. शनिवारी स्लाइड फक्त त्यांना ओढू द्या, तुम्ही हात खिशात ठेवा.